ब्रिटनची ऐतिहासिक सफर स्वतः गाडी चालवत: आखणी शेवटापासून करा

दर उन्हाळ्याआधी भारतातले नातेवाईक आणि मित्र त्यांच्या ब्रिटन सहलीचा आराखडा मला पाठवतात. गावं बदलतात, पण चूक बहुतेक वेळा तीच असते. आधी विमान, मग हॉटेलं, मग नकाशावर खुणा. भरती-ओहोटी, बंद दिवस, वेळेची तिकिटं आणि पार्किंग या गोष्टी 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून राहून जातात. खरं तर सहलीचा प्रत्येक दिवस याच गोष्टी ठरवतात.

आणखी एक गैरसमज असतो. गाडी घेतली म्हणजे दारापर्यंत गाडीनेच जायचं, असं लोक धरून चालतात. बाथ, यॉर्क, डरहॅम ही गावं मोटारीच्या कित्येक शतकं आधीची आहेत. गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यासाठी आहे. गावात शिरलात की तिचं ओझंच होतं. एवढं मनाशी पक्कं केलंत तर पुढचं सगळं सोपं होईल.

उदाहरणासाठी मी एकच मार्ग घेतो: लंडनच्या हीथ्रोहून निघून स्टोनहेंज, सॉल्सबरी, बाथ, कॉट्सवोल्डची खेडी, शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड, यॉर्क, डरहॅम, रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत, लिंडिसफार्न बेट आणि शेवटी एडिंबरा. गाडीचे नऊ दिवस. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हा मार्ग मला सगळ्यात समाधानकारक वाटतो.

टप्पा १: आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहून काढा

कोऱ्या कागदावर फक्त तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी लिहा.

पहिली, लिंडिसफार्नची भरती. हे बेट एका डांबरी रस्त्याने किनाऱ्याला जोडलेलं आहे आणि तो रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. गाडी नेण्याच्या सुरक्षित वेळा नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल प्रसिद्ध करतं आणि त्या रोज बदलतात. म्हणून आखणी शेवटापासून करायची. बेटावर जायच्या दिवशी सकाळी रस्ता किमान चार-पाच तास मोकळा हवा. तशी तारीख शोधा आणि तिथून उलटे दिवस मोजत निघण्याची तारीख काढा.

दुसरी, बंद दिवस. लंडनजवळचा विंडसर कॅसल एरवी मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. स्टोनहेंजला २१ जूनच्या आणि २१ डिसेंबरच्या आसपास नेहमीच्या वेळा बदलतात. कॅथेड्रलमध्ये रविवारी प्रार्थना असते, त्यामुळे पाहण्यासाठी थोडाच वेळ उरतो.

तिसरी, उजेड. जूनमध्ये उत्तरेकडे रात्री साडेनऊपर्यंत छान दिसतं. डिसेंबरमध्ये तिथेच पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवाळीच्या सुट्टीत येणारे लोक जूनचा आराखडा जसाच्या तसा उचलतात आणि अर्धी ठिकाणं अंधारात जातात.

चौथी, गर्दी. मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार, तसंच ऑगस्टचा शेवटचा सोमवार इंग्लंडमध्ये सुट्टीचे असतात. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी हायवेवर निघू नका. जुलैच्या अखेरीपासून पूर्ण ऑगस्ट शाळांना सुट्टी असते. माझ्या मते मेचे मधले दोन आठवडे, जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर उत्तम.

> तपासा: लिंडिसफार्नची तारीख ठरली का? ठरली नसेल तर विमानाचं तिकीट काढू नका.

टप्पा २: मैल आणि तास वेगवेगळे मोजा

इथे अंतरं मैलांत असतात आणि एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. हीथ्रो ते स्टोनहेंज सुमारे ७५ मैल, स्ट्रॅटफर्ड ते यॉर्क सुमारे १६० मैल. आकडे लहान दिसतात म्हणून लोक दिवसाला चार ठिकाणं कोंबतात. मोटरवेवर नकाशाने दाखवलेल्या वेळेत पाव भाग मिळवा, गावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर निम्मा. कॉट्सवोल्डमध्ये तीस मैलांना दीड तास लागला तर नवल मानू नका. पुढे ट्रॅक्टर असतो, कडेला दगडी भिंत असते आणि समोरून येणाऱ्या गाडीसाठी मागे सरकावं लागतं.

मी पाळतो तो नियम असा: दिवसाला एक मोठं ठिकाण आणि एक लहान, आणि चाकावर जास्तीत जास्त साडेतीन तास. यॉर्कचा दिवस तेवढा अपवाद.

नऊ दिवस असे बसतात:

1. हीथ्रोहून गाडी, स्टोनहेंज, मुक्काम सॉल्सबरी
2. सकाळी सॉल्सबरी कॅथेड्रल, दुपारी बाथ
3. पूर्ण दिवस बाथ, गाडी हलवायची नाही
4. कॉट्सवोल्डमधून स्ट्रॅटफर्ड
5. लांबचा प्रवास, संध्याकाळी यॉर्क
6. पूर्ण दिवस यॉर्क, गाडी हलवायची नाही
7. डरहॅम, मुक्काम हेक्सम
8. हेड्रियनची भिंत, मुक्काम नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर
9. लिंडिसफार्न, मग एडिंबरा विमानतळावर गाडी परत

लंडन या यादीत नाही, कारण लंडनमध्ये गाडी घ्यायचीच नाही. मध्य लंडनमध्ये शिरण्याचं शुल्क वेगळं, पार्किंग महाग आणि वेग सायकलचा. टॉवर ऑफ लंडन आणि किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर आधी ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, आणि पायी पाहून घ्या. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. विंडसरही रेल्वेने होतं. मग हीथ्रोला जाऊन गाडी घ्या.

> सावधान: विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. उन्हाळ्यात भारताचं घड्याळ साडेचार तास पुढे असतं. इथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशोबाने रात्रीचे साडेअकरा झालेले असतात.

टप्पा ३: तिकिटं आणि पास

स्टोनहेंजचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या दोन तास आधी मिळतो. बाथच्या रोमन स्नानगृहांची सकाळची पहिली वेळ घ्या. दहानंतर बसने येणाऱ्यांची रांग लागते. एडिंबरा कॅसलचंही तिकीट आधीच काढा, उन्हाळ्यात ऐनवेळी मिळत नाही.

इंग्लिश हेरिटेज या संस्थेचा परदेशी पाहुण्यांसाठी ९ किंवा १६ सलग दिवसांचा पास असतो. वरच्या मार्गात स्टोनहेंज पहिल्या दिवशी आणि लिंडिसफार्नची प्रायरी, म्हणजे जुना मठ, नवव्या दिवशी येते, म्हणजे ९ दिवसांचा पास बरोबर पुरतो. सॉल्सबरीजवळचं ओल्ड सॅरम, यॉर्कचा क्लिफर्ड्स टॉवर, भिंतीवरचे हाऊसस्टेड्स आणि चेस्टर्स हे किल्लेही त्यात येतात. पास असला तरी स्टोनहेंजची वेळ वेगळी नोंदवा.

सॉल्सबरी कॅथेड्रल, रोमन स्नानगृहं, यॉर्क मिन्स्टर, वॉरिक कॅसल आणि एडिंबरा कॅसल या पासात येत नाहीत. एकाच पासात सगळं आलं असं समजून लोक खर्चाचा अंदाज चुकवतात. डरहॅमच्या कॅथेड्रलला प्रवेशशुल्क नाही, देणगी ऐच्छिक आहे.

आई-वडील सोबत असतील तर प्रत्येक ठिकाणचं चालणं आधी वाचा. स्टोनहेंजला स्वागतकक्षापासून दगडांपर्यंत शटल बस आहे. हाऊसस्टेड्सला मात्र पार्किंगपासून किल्ल्यापर्यंत गवताळ उतारावरचा सुमारे अर्ध्या मैलाचा चढ आहे. सॉल्सबरीच्या मनोऱ्याच्या फेरीत ३३२ पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबून राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ सालच्या सनदेची, मॅग्ना कार्टाची, मूळ प्रत पाहा. तिच्या चारच प्रती उरल्या आहेत. एका पानावरचं इतकं दाट, इतकं बारीक अक्षर आहे की पाहणारे आपोआप कुजबुजत बोलतात.

टप्पा ४: कागदपत्रं आणि गाडीचं बुकिंग

पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर इथे १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. तरी भाड्याने गाडी देणाऱ्या बऱ्याच कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो आरटीओतून निघण्यापूर्वीच काढून आणा. मूळ लायसन्सचं कार्ड जवळ हवं. मोबाईलमधली प्रत काउंटरवर चालत नाही.

खरी अडचण क्रेडिट कार्डाची होते. कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं, हातात धरता येईल असं क्रेडिट कार्डच हवं. मुलाच्या नावाचं कार्ड आणि वडिलांचं लायसन्स ही जोडी काउंटरवर नाकारली जाते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डही अनेक ठिकाणी घेत नाहीत. परदेशातले व्यवहार सुरू करून घ्या आणि मर्यादा पुरेशी ठेवा, कारण त्यावर अनामत रक्कम अडकवली जाते.

विमा नीट वाचा. भाड्यातल्या विम्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा तुमच्याच माथी असतो, बहुधा हजार-दीड हजार पौंड. तो भाग भरून देणारा वेगळा विमा घरूनच काढला तर काउंटरपेक्षा बराच स्वस्त पडतो. त्यात काच आणि टायर आहेत का ते पाहा.

ऑटोमॅटिक गाडी मागा आणि तसं बुकिंगवर लिहून आलंय का ते पाहा. स्टेअरिंग उजवीकडे आणि चालणं डावीकडून, हे आपल्यासारखंच आहे. पण अनोळखी राउंडअबाउटवर (चौकातल्या गोल चक्करवर) गिअर बदलण्याचं काम कमी झालं की डोळे रस्त्यावर राहतात. इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळते म्हणून पहिल्या खेपेला घेऊ नका, चार्जिंगची आखणी हे एक वेगळंच काम होऊन बसतं. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचं शुल्क वेगळं असतं, ते आधीच विचारा. १२ वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट लागते.

> तपासा: चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा 'कॉम्पॅक्ट' गाडीत बसत नाहीत. डिक्की मोजूनच गाडी ठरवा. माणशी एक मध्यम बॅग पुरते. जुन्या सराईवजा हॉटेलांत लिफ्ट नसते आणि जिने अरुंद असतात, तेव्हाही हेच कामी येतं. पेढे, बर्फी, तूप आणू नका, दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

टप्पा ५: गाडी ताब्यात घेताना

रांग कितीही असो, ही वीस मिनिटं द्या.

1. चारही बाजू, टप, काच आणि चारही चाकांच्या रिमांचा सलग व्हिडिओ काढा. रिमवरचे ओरखडे सगळ्यात जास्त वादाचे असतात.
2. इंधनाचा काटा आणि मैलांचा आकडा यांचा फोटो काढा.
3. नंबरप्लेटचा फोटो काढा. पार्किंगच्या प्रत्येक मशीनवर हा नंबर लागेल.
4. इंधनाचं झाकण उघडून आतलं लेबल वाचा: पेट्रोल की डिझेल.
5. दिवे, वायपर, मागची काच आणि सीट जागच्या जागी चालवून पाहा.
6. बिघाड झाल्यास फोन करायचा नंबर मोबाईलमध्ये घाला.

टप्पा ६: रस्त्यावरच्या सवयी बदला

डावीकडून चालवतात म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि सवयींचा फरक तिथेच नडतो.

*राउंडअबाउट.* उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पूर्ण थांबायला लागलं तरी थांबा. पुढे नाक घालून जागा करण्याची आपली सवय इथे थेट अपघात घडवते. फलक वेगळं सांगत नसेल तर डावीकडे किंवा सरळ जायला डावी लेन, उजवीकडे जायला उजवी. तुमच्या फाट्याच्या आधीचा फाटा ओलांडला की डावा इंडिकेटर द्या. फाटा चुकला तर पुन्हा एक पूर्ण चक्कर मारा, कोणी काही म्हणत नाही.

*अप्पर-डिप्पर.* आपल्याकडे समोरच्याने अप्पर मारला म्हणजे 'मी येतोय, थांब'. इथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'तुम्ही आधी जा' असा असतो. अरुंद रस्त्यावर दोघंही आपापला अर्थ लावतात आणि घोळ होतो. तुम्ही स्वतः अप्पर मारू नका, आणि समोरच्याने मारला तरी खात्री करूनच निघा. वाट दिल्याबद्दल हात वर करून आभार मानतात, तेवढं जरूर करा.

*लेन.* मोटरवेवर डावीकडची लेन ही चालण्याची. उजवीकडून ओव्हरटेक करून परत डावीकडे या. लेनवर लाल फुली दिसली तर ती लेन बंद आहे, तिच्यातून लगेच बाहेर या.

*वेग.* सगळं मैलांत आहे. वस्तीत रस्त्यावर दिवे असतील आणि दुसरा फलक नसेल तर ३०, अनेक गावांत २०. पांढऱ्या वर्तुळात काळा तिरका पट्टा म्हणजे राष्ट्रीय मर्यादा: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७०. मोटरवेवरही ७०. साठची मर्यादा आहे म्हणून गावाकडच्या गल्लीतून साठने जायचं नाही. हेड्रियनच्या भिंतीशेजारचा बी-६३१८ रस्ता बाणासारखा सरळ दिसतो, पण त्यातल्या खोलगट भागांत समोरची अख्खी गाडी दिसेनाशी होते. तिथे ओव्हरटेक करू नका.

*मोबाईल.* हातात धरलात तर २०० पौंड दंड. सिग्नलला थांबलेले असतानाही हा नियम लागू असतो. फोनसाठी स्टँड घरूनच आणा.

पहिल्या दिवशी शेजारी बसणाऱ्याला ठरवून काम द्या: नकाशा वाचायचा, फाटा कितवा ते मोठ्याने सांगायचं आणि वेगाचा फलक दिसला की आकडा उच्चारायचा. दोन तासांत चालकाचे खांदे सैल होतात.

टप्पा ७: पेट्रोल स्वतः भरा

इथे पंपावर भरून देणारा माणूस नसतो. गाडी पंपाशी लावा, इंजिन बंद करा, नळी उचला. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. तरीही लेबल वाचूनच नळी लावा. टाकी भरली की नळी आपोआप थांबते. मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्या. काही ठिकाणी पंपावरच कार्ड लावावं लागतं, तेव्हा खात्यातली मोठी रक्कम तात्पुरती अडकते.

> सावधान: चुकीचं इंधन भरलं गेलं तर किल्ली फिरवू नका. गाडी तिथेच ठेवून बिघाडाच्या नंबरला फोन करा. इंजिन सुरू केलंत की खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि हे नुकसान विम्यात बहुधा धरलेलं नसतं.

मोटरवेवरचे पंप महाग असतात. सुपरमार्केटच्या पंपावर टाकी भरून निघा.

टप्पा ८: गावाबाहेर गाडी, गावात पायी

बाथ, यॉर्क, सॉल्सबरी, डरहॅम आणि ऑक्सफर्ड या सगळ्यांना 'पार्क अँड राइड' आहे. गावाच्या वेशीवर मोठ्या तळावर गाडी लावायची आणि बसने मध्यभागी जायचं. दोन गोष्टी आधी पाहा: शेवटची बस किती वाजता आहे आणि रविवारी बस आहे का. यॉर्कच्या तळांवर रात्रभर गाडी ठेवता येईलच असं नाही, म्हणून मुक्कामाला स्वतःचं पार्किंग असलेलं हॉटेल घ्या, ते तटबंदीबाहेर असलं तरी चालेल. तटावरून चालत केलेली यॉर्कची फेरी सुमारे दोन मैलांची आणि फुकट आहे.

गावात गाडी लावावीच लागली तर:

* दुहेरी पिवळी रेघ असेल तर तिथे गाडी लावायची नाही.
* एकेरी पिवळी रेघ असेल तर फलकावरची वेळ वाचा.
* 'फक्त रहिवासी' असा फलक असेल तर पाच मिनिटंसुद्धा नाही.
* मशीनवर गाडीचा नंबर घालताना इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत करू नका.
* पार्किंगच्या ॲपला भारतीय मोबाईल नंबर कधी चालतो, कधी नाही. एक आणि दोन पौंडांची नाणी कपहोल्डरमध्ये ठेवा.
* मशीनमधून निघालेली पावती छापील बाजू बाहेरून दिसेल अशी डॅशबोर्डवर ठेवा. दार लावताना वाऱ्याने ती उलटते, म्हणून दार लावल्यावर काचेतून पुन्हा एकदा पाहा.

जेवणाचं गणितही इथेच बसवा. गावाकडच्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं आणि संध्याकाळीच उघडतं. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात. शाकाहारी मंडळी सोबत असतील तर डबा शनिवारीच भरून ठेवा.

टप्पा ९: लिंडिसफार्न ओलांडताना

या टप्प्यावर चूक झाली तर गाडी जाते आणि जीवावर बेततं, म्हणून तो वेगळा काढला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सुरक्षित वेळ संपायला वीस मिनिटं होती. रस्ता कोरडा दिसत होता. मधली पांढरी रेघ सरळ बेटाकडे गेली होती, डांबरावर ओलं शेवाळ पसरलं होतं आणि दोन्ही बाजूंना नुसती चकाकणारी वाळू. पाच मिनिटं गाडीत बसून पाहत राहिलो. लाट अशी आलीच नाही. दूरवर त्या पांढऱ्या रेघेचा एक तुकडा पुसट झाला, मग शेजारचा. पाणी कडेने भरत येतं, समोरून चाल करून येत नाही, म्हणून माणूस फसतो. आम्ही परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी गेलो.

1. आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा एकदा, त्याच दिवसाच्या वेळा वाचा.
2. पलीकडे जाण्याची आणि परत येण्याची अशा दोन्ही वेळा कागदावर लिहा. बेटावर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.
3. परतीला शेवटच्या सुरक्षित वेळेच्या एक तास आधी गाडी सुरू करा.
4. रस्त्यावर पाणी दिसलं तर थांबा आणि मागे फिरा. पुढची गाडी गेली म्हणून जाऊ नका.
5. वेळ टळली तर बेटावरच थांबा. गाव कोरडं असतं, पाणी उतरेपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही.

अडकलेल्यांसाठी वाटेत खांबांवर एक छोटी पांढरी खोली आहे. दरवर्षी लोकांना तिथून सोडवावं लागतं.

टप्पा १०: गाडी परत करणं आणि त्यानंतरची पत्रं

बेटावरून एडिंबरा विमानतळ सुमारे ७५ मैल आहे. शहरात गाडी नेऊ नका. विमानतळाच्या अलीकडे टाकी भरा आणि पंपाची पावती ठेवा. तळावर गाडी लावल्यावर पुन्हा चारही बाजूंचा व्हिडिओ, काटा आणि मैल. शक्य असेल तर कर्मचाऱ्यासमोरच गाडी तपासून घेऊन लेखी पोच मागा. मग ट्रामने शहरात जा आणि एडिंबराचे दोन दिवस पायी घालवा.

काही दंड घरी पोहोचल्यावर कळतात. एका जुन्या शहरात मी चुकून बसच्या लेनमध्ये शिरलो होतो, ते मला सहा आठवड्यांनी समजलं. कॅमेरा नंबर टिपतो, पत्र गाडीच्या कंपनीला जातं, कंपनी तुमचं नाव कळवते आणि त्या कामाचं स्वतःचं शुल्क कार्डावरून कापते. ते शुल्क म्हणजे दंड नव्हे. दंड वेगळा भरावा लागतो, आणि कौन्सिलचा पार्किंगचा किंवा बस लेनचा दंड १४ दिवसांत भरला तर बहुधा निम्माच पडतो. म्हणून ते क्रेडिट कार्ड तीन महिने बंद करू नका, बुकिंगच्या ईमेलवर लक्ष ठेवा आणि पत्र आलं की तारीख, ठिकाण आणि गाडीचा नंबर तुमच्या फोटोशी ताडून पाहूनच पैसे भरा.